पाठीतली मिटलेली घडी: मिलिटरी जॅकेटची नक्कल का फसते

चोपड्याच्या एका तरुणाने विचारलं आहे: जुन्या कपड्यांच्या ढिगात त्याला अमेरिकन सैन्याचं एक हिरवं फील्ड जॅकेट मिळालं, एम-६५. अंगाला अगदी बरोबर बसतं. ते बघून त्याच्या थोरल्या भावालाही तसंच हवं झालं. दोघांची अंगलट सारखी, म्हणून गावातल्या शिंप्याकडे जॅकेट दिलं आणि हुबेहूब शिवून घेतलं. टेप लावला तर छाती, उंची, बाही, खांदा सगळं जुळतं. पण भाऊ मोटरसायकलवर बसून हँडल धरतो तेव्हा पाठ आवळते, बाह्या मनगटावरून वर सरकतात आणि मागे कंबर उघडी पडते. शिंपी म्हणतो कापडाचा दोष. दुसरा प्रश्न, मूळ जॅकेट अस्सल आहे का?

भाऊ, दोष कापडाचा नाही. तुमचा शिंपी कामाला कच्चा आहे असंही मला वाटत नाही. त्याने जॅकेट पाटावर पालथं पसरलं, खडूने आकार उतरवला आणि कापलं. एम-६५च्या पाठीत दोन उभ्या घड्या असतात. खांद्यापासून निघून मुंढ्यालगत, म्हणजे बाही अंगाला जोडतात त्या वळणालगत, खाली उतरतात आणि कमरेच्या वर संपतात. जॅकेट पसरलं की त्या मिटून सपाट होतात, नजरेला एखादी साधी शिवण वाटते. तुमच्या शिंप्याने मिटलेल्या घडीचं माप घेतलं. घडीच्या पोटातलं कापड त्याच्या खडूखाली आलंच नाही.

धुळ्यात गेली एकतीस वर्षं मी कोट आणि जॅकेटं शिवतोय. त्याआधी वडील शिवायचे. जुनी मिलिटरी जॅकेटं दुरुस्तीला यायला लागली तेव्हा पहिल्या नकलेत मी हीच चूक केली होती. ते जॅकेट एका निवृत्त सुभेदारबाबांसाठी होतं. ट्रायलला त्यांनी दोन्ही हात वर केले, आरशाकडे पाठ वळवली आणि म्हणाले, "भाऊ, हात वर कया का कंबर उघडी पडस." मी म्हटलं, दोन इंच लांबी वाढवून देतो. ते म्हणाले, लांबी नको, पाठ दे. त्या दिवसापासून मी फील्ड जॅकेटचं कटिंग पाठीपासून सुरू करतो. पुढचा भाग, खिसे, कॉलर सगळं नंतर.

घरीच एक करून बघा. भावाला सरळ उभं करा, हात खाली सोडायला सांगा. एका काखेच्या मागच्या टोकापासून दुसऱ्या काखेपर्यंत पाठीवरून आडवा टेप लावा आणि आकडा लिहा. आता त्याला हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करायला सांगा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. माझ्या गिऱ्हाइकांत हा फरक बहुतेक वेळा दोन ते तीन इंचांचा निघतो. सैनिकाचं सगळं काम हात पुढे करूनच चालतं: बंदूक खांद्याला लावायची, खंदक खणायचा, गाडी चालवायची, दोरीला लोंबकळायचं. हे दोन-तीन इंच कुठून तरी यायला हवेत. पाठ नुसती रुंद कापली तर उभं राहिल्यावर झोळ पडतो, आणि वर पट्टे आवळले की तो झोळ चुरगळून टोचतो. म्हणून जादा कापड घडीत ठेवलं. हात खाली असताना घडी मिटते, हात पुढे गेला की उघडते. याला बाय-स्विंग पाठ म्हणतात. विलायतेत शिकारीच्या नॉरफोक जॅकेटला पाठीवर घड्या असत, तिथूनच ही जात आली. अमेरिकन सैन्याच्या एम-१९४१ जॅकेटलाही ती होती.

पाठ सुधारली तरी अर्धं काम उरतं, कारण हात पुढे जाणं वेगळं आणि वर जाणं वेगळं. वर जाण्याचा हिशेब मुंढ्यात आणि बाहीत असतो. इथे जवळजवळ सगळे शिंपी एकाच समजुतीने फसतात की मुंढा खोल केला म्हणजे हात मोकळा होतो. होतं नेमकं उलट. मुंढा जितका खाली, तितकी काखेची शिवण शरीरापासून लांब, आणि हात उचलला की बाही ती शिवण धरून सगळं अंग वर ओढते. मुंढा काखेच्या जवळ ठेवा, स्वेटर आत जाईल एवढीच जागा सोडा, म्हणजे हात आपल्या सांध्यापाशी फिरतो आणि अंग जागेवर राहतं. शंका असेल तर घरातला एखादा सैल, पडक्या मुंढ्याचा शर्ट आणि एक मापातला शर्ट, दोन्ही घालून आरशासमोर हात उचलून बघा.

बाहीच्या माथ्याचंही, म्हणजे खांद्याला जोडतात त्या वरच्या गोल भागाचंही, तसंच. सुटाच्या कोटाला माथा उंच कापतात, हात खाली असताना बाही सुंदर पडावी म्हणून. शर्टाला माथा बुटका आणि बाही रुंद, म्हणून शर्टात हात सहज वर जातो. फील्ड जॅकेट दिसायला कोट असलं तरी बाही शर्टाच्या कुळातली हवी. मी माथा शर्टापेक्षा थोडा वर आणि कोटापेक्षा बराच खाली ठेवतो. मग हात खाली असताना काखेत दोन-चार सळ दिसतात. गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण ते सळ काढायचे नसतात. हात वर जातो तो त्यांच्याच जोरावर.

आता नक्कल उतरवायची कशी ते सांगतो, कारण अस्सल जॅकेट उसवायला मन होत नाही आणि उसवूही नये. आधी जॅकेट धुऊन, वाळवून, बिनवाफेची हलकी इस्त्री करा. टेबलावर दुहेरी घोंगडी, तिच्यावर ब्राऊन पेपर. पाठ, पुढा, बाही एकेक भाग कागदावर सपाट बसवायचा, बाकीचं अंग बाजूला सैल सोडायचं. कापडाचा उभा धागा नजरेने पकडून त्यावर रंगीत दोऱ्याचा लांब धावदोरा घाला आणि कागदावरची सरळ रेघ त्याला जुळवा. मग शिवणीच्या ओळीतून अर्ध्या अर्ध्या इंचावर टाचणी टोचत जा. टाचणी कागदात छिद्र पाडते. छिद्रं जोडली की तुकड्याचा आकार मिळतो. खडूची रेघ कापड ढकलते, टाचणी ढकलत नाही.

घडीपाशी थांबा. सहा इंची स्टीलची पट्टी घडीच्या पोटात सरकवा, जिथे अडेल तिथला आकडा वाचा. खांद्यापाशी, मधोमध आणि खालच्या टोकाशी अशी तीन मापं घ्या. जेवढी खोली तेवढं कापड दुप्पट लागतं, कारण घडीत कापड आत जातं आणि परत येतं. म्हणजे पावणेदोन इंच खोल घडी असेल तर त्या बाजूला साडेतीन इंच आणि दोन्ही बाजूंना मिळून सात इंच. हे सात इंच तुमच्या भावाच्या जॅकेटात नाहीत. एवढं कापड गायब झालं तरी उभं राहिल्यावर टेपला ते कळत नाही, म्हणून तर सगळी मापं जुळली.

दुसरी चोरी शिवणीत होते. या जॅकेटांच्या मोठ्या शिवणी जीन्सच्या आतल्या पायाच्या शिवणीसारख्या असतात: दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा. आत सुटी कड राहत नाही, दोरा निघाला तरी दुसरी टीप धरून असते. या शिवणीला साध्या शिवणीपेक्षा जास्त कापड लागतं. शिंप्याने सवयीचा साधा दाब (शिवणीपलीकडे सोडतात ते जादा कापड) सोडला आणि मग दुमडून डबल टीप मारली, तर प्रत्येक शिवणीत थोडं कापड आत जातं. चार शिवणी झाल्या की घेर कमी झाला. मी वरच्या कडेला पाऊण इंच आणि खालच्या कडेला पाव इंच ठेवतो. जिथे चार-पाच थर एकत्र येतात, काखेत आणि खांद्याच्या टोकाला, तिथे शिवण्याआधी लाकडावर ठेवून हातोडीने ठोकून चपटी करतो. सुई १८ नंबरची, टाके इंचाला आठ ते दहा. बारीक टाके घातले की मजबुती वाढते हा समज जाड कापडाला लागू पडत नाही. सुईची छिद्रं एवढी जवळ येतात की कापड तिकिटासारखं फाटतं.

कापडाबद्दल. आधीची एम-१९४३ आणि एम-१९५१ ही जॅकेटं सुती सॅटीनची होती. एम-६५ला अर्धं नायलॉन आणि अर्धं सूत आलं, पण वीण सॅटीनचीच राहिली. सॅटीन म्हटल्यावर घागऱ्याचं चमचमतं कापड डोळ्यांपुढे आणू नका. सॅटीन हा विणीचा प्रकार आहे: एक धागा चार धाग्यांवरून सरळ जातो आणि पाचव्याखाली बुडी मारतो. धागे वर मोकळे तरंगत असल्याने खूप दाट बसवता येतात. दाट बसले की वाऱ्याला भोकं मिळत नाहीत. वजन चौरस यार्डाला साधारण नऊ औंस, आपल्या दुकानदाराच्या भाषेत ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटात मागाल तर तुम्हाला बहुतेक ड्रिल दाखवतील, तिरक्या रेघांचं. ड्रिल वाईट नाही. दाट असेल तर घ्या. उजेडाकडे धरून बघा, बारीक चांदण्या दिसल्या तर ठेवून द्या. माझे वडील खान्देश मिल आणि प्रताप मिल चालू होत्या त्या काळातले. कापडाचा उभा धागा ते डोळे मिटून बोटांनी ओढून सांगायचे. उभ्या धाग्याला ताण कमी, आडव्याला थोडा जास्त, उरेबात, म्हणजे तिरक्या दिशेत, सर्वांत जास्त. पाठ उभ्या धाग्यातच कापा. कापड वाचवायला तुकडा थोडा जरी तिरका ठेवला तरी घडी सहा महिन्यांत तोंड उघडते आणि पुन्हा मिटत नाही.

आणि कापड आधी आटवा. हे मी कळवळून सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपुड्यात फिरायला जाणाऱ्या पोरांसाठी मी सहा जॅकेटं शिवली होती. दुकानदाराने कापड आटवलेलं आहे असं सांगितलं, मी विश्वास ठेवला. पहिल्या धुण्यात बाह्या इंचभर आखडल्या. दोरा पॉलिस्टरचा, तो आटला नाही, म्हणून प्रत्येक शिवण सुरकुतली. सहाही जॅकेटं पदरच्या खर्चाने परत शिवून दिली. तेव्हापासून सुती कापड रात्रभर पाण्यात, सकाळी पिळून न काढता निथळत, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा तेच. नेफ्यातली नाडी आणि सुती टेपसुद्धा.

खिशांकडे लोक सर्वांत जास्त बघतात, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल. वरचे दोन खिसे अंगावर बसवलेले असतात. खालच्या दोघांची बाहेरून फक्त झाकणं दिसतात आणि पिशव्या आत लटकतात. नकलेत खालचे खिसेही वरून चिकटवतात. मग सामान भरलं की पुढा खाली ओढला जातो आणि मानेवर भार येतो. आत लटकती पिशवी कमरेच्या नाडीजवळ असते. नाडी आवळली की खिशाचं बरंचसं वजन कमरेवर टेकतं. नाडी दोन ठिकाणी असते, कमरेत आणि खाली घेरात. आपल्या जॅकेटांवर ती शोभेला बाहेरून लावतात. अस्सलमध्ये ती आतल्या नेफ्यातून जाते, फांदीत अडकू नये म्हणून.

खांद्यावरच्या पट्ट्यांचंही मूळ कामाचंच, पडतळ्याचे आणि पिशव्यांचे पट्टे घसरू नयेत म्हणून. ब्रिटिशांच्या १९०२च्या खाकी कोटाला तर खांद्यापाशी कापडाचा जादा तुकडा शिवत, बंदुकीचा दस्ता घासून भोक पडू नये यासाठी. जुनं जॅकेट हातात आलं की मी प्रत्येक तुकड्याला हाच प्रश्न विचारतो, तू इथे का आहेस. उत्तर बहुतेक वेळा झिजलेल्या जागेवरच सापडतं.

एम-६५च्या आधीची वाट थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला वेगवेगळी जॅकेटं सापडतील. ब्रिटिशांचं १९३७चं बॅटलड्रेस म्हणजे आखूड लोकरी ब्लाऊज, कमरेला पट्टीवर आवळणारं. युद्धात कापड आणि मजुरी वाचवायला त्याच्या खिशांच्या चुण्या काढल्या आणि बटणं उघडी केली. त्याच आखूड कापाचा प्रभाव पुढे अमेरिकनांच्या एम-१९४४ लोकरी जॅकेटावर पडला, ज्याला लोक आयझेनहॉवर जॅकेट म्हणतात. एम-१९४१ फिकट रंगाचं आणि पातळ होतं, थंडीत पुरेना. मग एम-१९४३ने वेगळाच विचार आणला: जाड ओव्हरकोट नको, वारा अडवणारं एक सैल कवच घ्या आणि त्याच्या आत हवेनुसार थर चढवा. चार मोठे खिसे, कमरेत नाडी, झाकलेली बटणं. एम-१९५१मध्ये पुढे चेन आणि टिचबटणं आली. एम-६५मध्ये उभी कॉलर, कॉलरच्या आत चेनमागे गुंडाळलेली टोपी आणि मनगटाला वेल्क्रो. चेनवरून झाकणपट्टी का, तर चेनच्या दातांतून वारा शिरतो, आणि चेन बिघडली तर टिचबटणांवर निभावता येतं. आपल्याकडच्या नकलेत कॉलरची चेन लावतात पण आत टोपी नसते. मग कॉलर उभीच राहत नाही, कारण तिला उभं धरणारं कापड तीच घडी घातलेली टोपी असते. टोपी नको असेल तर निदान त्याच जाडीचा कापडाचा पट्टा आत घाला.

वैमानिकांच्या जॅकेटांची जात वेगळी, त्यात नका गोंधळू. १९३१चं ए-२ घोड्याच्या कातड्याचं, आणि नंतरचं एमए-१ नायलॉनचं, कारण ओलं कातडं उंचावरच्या थंडीत कडक होतं. एमए-१चं नारिंगी अस्तर अपघातानंतर उलटं घालून शोध पथकाला दिसावं यासाठी. बाजारात बॉम्बर म्हणून मिळतं ते याचंच पोर.

तुमचं अस्सल आहे का? आतल्या लेबलवर बघा. डीएसए (अमेरिकन संरक्षण खात्याची पुरवठा संस्था) १०० नंतर दोन आकडे असतील, उदाहरणार्थ ६९, तर ते कंत्राटाचं आर्थिक वर्ष. १९७७पासून डीएसएच्या जागी त्याच संस्थेचं नवं नाव डीएलए येतं. सुरुवातीच्या एम-६५ला खांद्याच्या पट्ट्या नव्हत्या आणि चेन ॲल्युमिनियमची होती, नंतर पितळी आल्या. लेबलवर मापही छान लिहिलेलं असतं: मीडियम-रेग्युलर म्हणजे छाती ३७ ते ४१ इंच आणि उंची ६७ ते ७१ इंच. एकाच जॅकेटात छातीचा चार इंचांचा फरक सामावतो तो नाड्यांमुळे आणि पाठीच्या घडीमुळे. लेबल झिजलं असेल तर वरच्या खिशाचं झाकण उचला. झाकणाखालचा रंग आणि बाहेरचा रंग यात फरक दिसला, बाहेर पिवळसर आणि आत गडद, तर जॅकेटाने खरंच ऊन पाहिलंय. छातीवर बारीक सुईच्या छिद्रांची चौकट दिसली तर तिथे नावाची पट्टी होती.

हिरव्या साध्या कापडात शिवा, हरकत नाही. मात्र आपल्या सैन्याची चट्ट्यापट्ट्याची छपाई, विशेषतः १५ जानेवारी २०२२ला आलेला नवा गणवेश, कुणी कितीही आग्रह केला तरी शिवून घेऊ नका. त्या नक्षीचे हक्क सैन्याने नोंदवलेले आहेत, आणि सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून तो पोशाख घालणं हा गुन्हा आहे. माझ्या दुकानात मी ते काम घेत नाही. ज्यांनी ते अंगावर कमावलंय त्यांचंच ते.

अस्तर आपल्या हवेला जास्त जड होईल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, नऊ वाजता ऊन चटकायला लागतं. म्हणून अस्तर शिवून टाकू नका, अस्सलसारखं बटणांवर ठेवा. काढलं की तेच जॅकेट वाऱ्यापुरतं राहतं.

भावाचं बिघडलेलं जॅकेट टाकू नका. दोन्ही मुंढ्यांची मागची शिवण खांद्यापासून काखेपर्यंत आणि तिथून कडेची शिवण कमरेच्या दोन इंच वरपर्यंत उसवा. त्याच कापडाची, उभ्या धाग्यातली, साडेचार इंच रुंद पट्टी दोन्हीकडे घाला: साडेतीन इंच घडीसाठी, बाकी दाब. पट्टीची एक कड पाठीच्या उसवलेल्या कडेला जोडा आणि दुसरी कड बाहीला, काखेच्या खाली पुढ्याला. घडी अशी मिटवा की पाठीची शिवण तिच्या आत जाईल. वरचं टोक खांद्याच्या शिवणीत पक्कं करा, खालचं टोक कमरेच्या वर आडव्या चौकोनी टिपेने धरा, मधे कुठेही टाका नको. बाही पट्टीला बसेना झाली तर काखेत अर्धा इंच मुंढा वर घ्या, खाली अजिबात नको. ट्रायल स्वेटर घालून आणि मोटरसायकलवर बसवूनच घ्या. पहिलं कापड संपलं असेल आणि नवीन गठ्ठ्याचा रंग थोडा वेगळा निघाला तरी चालेल. तो घडीच्या पोटात राहील आणि भाऊ हँडल धरेल तेव्हाच दिसेल.